वर्गासने शोधून काढावं!

आमच्याकडे सध्या भाचरं मुक्कामाला आहेत. त्यातली मोठी यंदा आठवीत गेली. दुपारच्या उन्हात बाहेर पडायला बंदी, म्हणून 'मामा, कंटाळा आला, मामा, कंटाळा आला' असा जप सुरू झाला, तेव्हा मी तिला एक काम दिलं. माझं पुस्तकांचं कपाट लावायचं, लेखकांच्या आडनावांप्रमाणे. अ-आ-इ पासून थेट ज्ञ पर्यंत. मजुरी काय? दर कप्प्याला एक कुल्फी.

मला पुस्तकांना खाकी कव्हर घालून त्यावर मराठीत नाव लिहायची खोड आहे. तर पहिला अर्धा तास शांततेत गेला. मग आतून हाक आली, "मामा, हा मारियो वर्गास का गेला?"

"कुठे गेला?"

"वर्गास! म्हणजे वर्गाला. तूच लिहिलंयस की : 'मारियो वर्गास ल्योसा'. आणि वर्गास गेला तर गेला, पुढे ल्योसा काय?"

मला आधी काही कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि हसू आवरेना. आपल्या जुन्या पुस्तकी मराठीत 'गुरुजींनी वर्गास प्रश्न विचारला' असं लिहितात ना, तसा तिने तो शब्द वाचला होता. तिचं काय चुकलं म्हणा! नुसत्या अक्षरांवरून काय ओळखायचं?

तर मंडळी, वर्गास हे एक आडनाव आहे. स्पॅनिश. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या दक्षिण अमेरिकेत जागोजागी सापडणारं. स्पॅनिशमध्ये 'व'चं अक्षर आणि 'ब'चं अक्षर यांचा उच्चार एकच करतात, त्यामुळे तिकडचे लोक म्हणतील 'बार्गास'. स्पॅनिश शब्दकोशात 'बार्गा' म्हणजे चढणीचा सर्वांत उभा भाग, आणि हे आडनाव त्या शब्दाशी जोडतात. आपल्याकडे घाटे, डोंगरे आहेत, त्यातलाच प्रकार. मराठीत मात्र 'वर्गास' असंच लिहिण्याची पद्धत पडली आहे आणि त्यामुळे आपली पंचाईत होते. बघा हं : 'बाईंनी वर्गासला वर्गास बोलावले.' आणि जुन्या पद्धतीने लिहायचं तर 'वर्गासास'!

हसून झाल्यावर मी कपाट बघायला गेलो. मारियो वर्गास ल्योसाला तिने 'ल'च्या कप्प्यात ठेवलं होतं. गाब्रिएल गार्सिया मार्केसला 'म'च्या कप्प्यात. शेवटचा शब्द तो आडनाव, हा आपला साधा हिशेब.

मी म्हटलं, "दोन्ही चूक. वर्गास ल्योसा 'व'मध्ये, गार्सिया मार्केस 'ग'मध्ये. आणि तू त्यांना जवळजवळ शेजारी ठेवलंस हे तर फारच धोक्याचं आहे!"

धोक्याचं का, तर ऐका. हा वर्गास ल्योसा पेरू देशाचा, गार्सिया मार्केस कोलंबियाचा. दोघंही जगप्रसिद्ध कादंबरीकार. गार्सिया मार्केसला १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळालं, वर्गास ल्योसाला २०१० साली. एके काळी दोघं जिवलग मित्र होते. पण १९७६ साली मेक्सिकोत एका सिनेमाच्या खेळाला भेटले, तेव्हा गार्सिया मार्केस मिठी मारायला पुढे आला आणि वर्गास ल्योसाने त्याला ठोसा लगावला! पुढे कितीतरी वर्षं दोघांत अबोला होता आणि भांडणाचं कारण दोघांनीही नीटसं कधी सांगितलं नाही. चुकीच्या आडनावांनी लावलं, तर म-य-र-ल असे ते अगदी जवळ येतात. बरोबर आडनावांनी लावलं, तर 'ग' वरच्या कप्प्यात आणि 'व' पार खाली. म्हणजे आपल्या बाराखडीलाही भांडण सोडवता येतं म्हणायचं.

"पण शेवटचं आडनाव आडनाव नाही, म्हणजे काय?" भाचीबाई अडून बसल्या.

आडनाव आहेच की, पण दुसरं. स्पॅनिश माणसाला आडनावं दोन. पहिलं वडिलांकडून, दुसरं आईकडून. मारियोच्या वडिलांचं आडनाव वर्गास, आईचं ल्योसा. मधे आडवी रेघ नाही, 'आणि' नाही. दोन्ही एकामागे एक. थोडक्यात म्हणायचं असेल, तर पहिलं तेवढं घेतात. दुसरं एकटं घेऊन 'ल्योसा असं म्हणतो' लिहिणं म्हणजे मोठी चूक. आपल्या वर्तमानपत्रांतून ती सर्रास दिसते, आणि खरं सांगू? माझ्या जुन्या वह्यांतसुद्धा 'ल्योसा' असंच लिहिलेलं आहे.

हे सगळं तिला पटावं म्हणून मी कागदावर एक गणित मांडलं. तुम्हीही पेन्सिल घ्या. फेडेरिको गार्सिया लोर्का नावाचा स्पेनचा एक थोर कवी होऊन गेला (१८९८–१९३६). त्याच्या वडिलांची आडनावं गार्सिया रोड्रिगेस. आईची लोर्का रोमेरो. दोघांचं पहिलं पहिलं घ्यायचं आणि बेरीज करायची. उत्तर : गार्सिया लोर्का. आता चित्रकार पिकासो. वडील रुईस ब्लास्को, आई पिकासो लोपेस. उत्तर काय? रुईस पिकासो! मजा म्हणजे या दोघांनाही जग आईच्या आडनावाने ओळखतं. पिकासोने सुरुवातीला चित्रांवर रुईस अशीही सही केली, पण पुढे ते गाळलंच. आणि गार्सिया हे तर स्पेनमधलं सर्वांत जास्त माणसांचं आडनाव. १४ लाखांहून अधिक लोकांचं पहिलं आडनाव गार्सिया आहे. रस्त्यात 'अहो गार्सिया!' अशी हाक मारली, तर कितीजण वळून बघतील? म्हणून कवीला बोलताना म्हणतात लोर्का. पण ग्रंथालयाच्या यादीत मात्र तो गार्सियातच सापडतो. बोलण्यातला नियम वेगळा, कपाटातला वेगळा.

लग्न झालं म्हणून तिकडच्या बाईचं आडनाव बदलत नाही. मारियोची आई शेवटपर्यंत ल्योसाच राहिली. जुन्या काळी लग्नानंतर पुढे 'दे वर्गास', म्हणजे 'वर्गासांची', असं जोडायचे. आता ते कमी झालंय. आणि या ल्योसा नावामागे एक गोष्ट आहे. मारियोचा जन्म १९३६चा. त्याच्या जन्माआधीच आईवडील वेगळे झाले. तो वाढला आईच्या माणसांत, ल्योसांच्या मोठ्या कुटुंबात; आजी, आजोबा, मामा, मावशा. 'तुझे वडील देवाघरी गेले' असं त्याला सांगितलेलं होतं. दहा वर्षांचा झाल्यावर एके दिवशी कळलं की वडील जिवंत आहेत, आणि आज भेटायचं आहे. नाव तर जन्मापासून वर्गास ल्योसा, पण वर्गास कोण ते माहीत नव्हतं! वडील फार कडक निघाले. मुलगा गोष्टी लिहितो हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. पुढे जगभर मुखपृष्ठांवर छापलं गेलं ते या न आवडणाऱ्या वडिलांचं आडनाव आणि त्याला वाढवणाऱ्या घराचं आडनाव, दोन्ही जोडीने. २०२५च्या एप्रिलमध्ये लिमा शहरात तो वारला, तेव्हा तिथल्या बातम्यांत कुणी नुसतं ल्योसा म्हटलं नाही, वर्गास ल्योसा असंच म्हटलं.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मामा, ल्योसा हे त्याच्या आईला तरी कुठून मिळालं? तिच्या बाबांकडूनच ना? म्हणजे फिरून आजोबांचंच!"

आता बोला! यावर तुमच्या मामाची दांडी गुल. खरंच आहे. लोर्काच्या गणितात गळून पडलेली आडनावं कोणती ते परत बघा. रोड्रिगेस आणि रोमेरो. म्हणजे दोघी आज्यांची. हे बदलता यावं म्हणून स्पेनने कायदा केला. १९९९च्या कायद्याने आईवडील ठरवून आईचं आडनाव पहिलं लावू शकतात, आणि २०१७पासून तर 'आधी वडिलांचं' असं गृहीतच धरत नाहीत, दोघांनी मिळून क्रम सांगायचा. आपल्या महाराष्ट्रातही १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव, असा क्रम आला. तुमच्या घरात कुणी तान्हुलं असेल, तर त्याचा दाखला बघा. आपल्याकडे आईचं नाव आलं, त्यांच्याकडे आईचं आडनाव.

बरं, आता वर्गासांना घेऊन थोडं बोलून बघू. समजा तुमच्या शेजारी वर्गास नावाचे गृहस्थ राहतात. समोर भेटले तर म्हणायचं, "सेन्योर बार्गास, कोमो एस्ता?" म्हणजे 'वर्गाससाहेब, कसे आहात?' पण त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगायचं असेल, तर आधी एक 'एल' हवा : "एल सेन्योर बार्गास एस्ता एन कासा." वर्गाससाहेब घरी आहेत. तोंडावर 'एल' नाही, पाठीमागे 'एल' पाहिजे. नवा शिकणारा हमखास इथे चुकतो. आपण मराठीत मान क्रियापदात घालतो. 'पाटील आला' आणि 'पाटील आले' यात केवढा फरक पडतो!

आणि सबंध कुटुंबाविषयी बोलायचं असेल तर? आपण म्हणतो 'आज कुलकर्ण्यांकडे जेवायला जायचंय', 'पाटलांचा कुत्रा चावला', 'गोखल्यांची बाग'. म्हणजे आडनावच वाकवतो. स्पॅनिश लोक आडनावाला हात लावत नाहीत. पुढे फक्त 'लोस' म्हणतात. "ओय कोमेमोस एन कासा दे लोस बार्गास." आज दुपारचं जेवण वर्गासांकडे. वर्गास एक असो, नाहीतर घरात पंधरा असोत, शब्द तोच.

आणखी एक गंमत 'डॉन'ची. स्पॅनिशमध्ये मान देऊन 'दोन' म्हणतात, पण तो लावायचा पहिल्या नावाला. 'दोन मारियो' बरोबर, 'दोन वर्गास' चूक. आपल्या 'राव'सारखंच आहे. माधवराव म्हणतो, पण शिंदेराव म्हणतो का? 'डॉन क्विक्झोट'मधला डॉन तो हाच. सिनेमातला काळा चष्मावाला डॉन इटलीकडून आला, पण दोघांचं मूळ लॅटिन भाषेतल्या एकाच शब्दात आहे, 'दोमिनुस' म्हणजे मालक.

आणि नाव ठाऊकच नसेल तर? तर स्पॅनिश माणूस म्हणतो 'फुलानो'. फुलानो आला, फुलानो गेला. कानाला ओळखीचं वाटतंय ना? आपला 'फलाणा'! दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाचे नातू. स्पेनच्या मोठ्या भागावर कित्येक शतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, तिथे तो थेट गेला. आपल्याकडे आला फारसीच्या बोटाला धरून.

डॉन क्विक्झोटचं नाव निघालंच आहे, तर त्या पुस्तकातही एक वर्गास आहे बरं का! १६०५ साली आलेलं ते पुस्तक. पवनचक्क्यांना राक्षस समजून डॉनसाहेब धावून जातात आणि भाला मोडून घेतात, हे तुम्ही वाचलं असेल. त्यानंतर अंग चोळत ते सांकोला एक जुनी गोष्ट सांगतात. दिएगो पेरेस दे वर्गास नावाचा एक योद्धा होता. लढाईत त्याची तलवार मोडली. गड्याने ओकच्या झाडाची जाडजूड फांदी मोडली आणि तिनेच असा धुमाकूळ घातला की लोकांनी त्याला 'माचूका' म्हणायला सुरुवात केली. माचूका म्हणजे 'ठेच! चेच!' पुढे त्याच्या वंशजांचं आडनावच झालं वर्गास माचूका. आपल्याकडचे वाघमारे आठवा. कुणीतरी कधीतरी केलेला पराक्रम, आणि पुढच्या पिढ्या तो हजेरीपटावर मिरवतात.

त्यातलं 'पेरेस' कुठून आलं तेही जाताजाता सांगतो. पेरेस म्हणजे पेरोचा मुलगा. पेरो हे पेद्रोचं जुनं रूप. रोड्रिगोचा तो रोड्रिगेस, फेर्नांदोचा फेर्नांदेस, लोपेचा लोपेस. शेजारच्या पोर्तुगालमध्येही हीच रीत होती. आणि पोर्तुगीज तर आपल्याकडेच येऊन राहिले. वसईत १७३९पर्यंत, गोव्यात १९६१पर्यंत. म्हणून तुमच्या वर्गात (वर्गास नव्हे!) एखादा रॉड्रिग्ज, फर्नांडिस किंवा लोपीस असेल, तर त्याच्या आडनावात कुणा जुन्या रोड्रिगोचं, फेर्नांदोचं, लोपेचं नाव दडलेलं आहे. त्यातल्या कुणी या नावांचा असा अर्थ घरी विचारला आहे का, मला कळवा.

आता ज्या वाक्यासाठी एवढा पसारा मांडला ते वाक्य. स्पेनमध्ये राणी इसाबेल राज्य करत होती तेव्हाची गोष्ट. ही राणी १५०४ साली वारली. तिच्या दरबारात फ्रान्सिस्को दे वर्गास नावाचा एक हुशार कायदेपंडित होता. राणीकडे अर्जांचा ढीग यायचा. हा म्हणे माझी जमीन त्याने लाटली, तो म्हणे ती माझीच. खरं कोण, खोटं कोण? काही गुंता दिसला की राणी कागदाच्या कडेला दोनच शब्द लिहायची असं सांगतात : "आवेरीग्वेलो बार्गास." म्हणजे 'वर्गासने शोधून काढावं.' बघा, आपलं 'करावं, जावं, शोधावं' हे रूप इथे किती चपखल बसतं! हुकूमही आहे आणि अरेतुरेही नाही. बिचारा वर्गास कागद उचलायचा आणि कामाला लागायचा.

होता होता ते वाक्य दरबारातून बाहेर पडलं आणि बाजारात, घराघरांत गेलं. सतराव्या शतकात तिर्सो दे मोलिना या नाटककाराने आपल्या एका नाटकाला तेच नाव दिलं. आज पाचशे वर्षांनंतर राणी नाही, अर्ज नाहीत, पण एखादी गोष्ट कुणालाच कळेनाशी झाली, तर स्पॅनिश माणूस म्हणू शकतो, 'आवेरीग्वेलो बार्गास!' दोन मोज्यांतला एकच का हरवतो? आवेरीग्वेलो बार्गास. लाडू कुणी संपवले? आवेरीग्वेलो बार्गास! आमच्या घरात तर त्या दुपारपासून दुसरी भाषाच नाही. रिमोट सापडेना, वर्गास. गॅसवरचं दूध कुणी उतू घालवलं, वर्गास.

रात्री जेवणं झाल्यावर भाची तो गणिताचा कागद घेऊन आजीपाशी बसली. आजी म्हणजे माझी आई. स्वतःचं स्पॅनिश नाव तिने तयार केलं होतं : आधी बाबांचं आडनाव, मग आईचं माहेरचं. त्यावर आजी-आजोबांचे चार चौकोन. तेही भरले. मग त्याच्यावर आठ.

"आजी, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय गं?"

आजीने पटकन सांगितलं. तिचं आजोळच ते, सांगणार नाही का!

"आणि तुझ्या आईच्या आईचं?"

आजी थांबली. "तिला आम्ही मोठी आई म्हणायचो. हाताला धरून समुद्रावर न्यायची. घावन काय सुरेख करायची! तिचं माहेर कुठलंसं… गुहागरच्या बाजूचं. आडनाव मात्र… अगं, कधी विचारलंच नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत आहे का रे?"

मला कुठून माहीत असणार! मी मान हलवली. धाकटा भाचा कोपऱ्यातून ओरडला, "आवेरीग्वेलो बार्गास!" कुणी हसलं नाही.

आजीने चष्मा लावला आणि चिपळूणला भावाला फोन लावला. मामाआजोबांना ऐकू कमी येतं. तीन वेळा ओरडून विचारल्यावर त्यांना प्रश्न कळला. "मोठ्या आईचं माहेर? अगं, आडनाव अगदी जिभेवर आहे… थांब, माळ्यावर बाबांची ट्रंक आहे, तीत जुने कागद आहेत. उद्या उजेडी काढून बघतो," म्हणाले.

हा मजकूर अंकाला द्यायची वेळ झाली तरी त्यांचा फोन आलेला नाही. भाचीच्या कागदावर तो एक चौकोन रिकामा आहे आणि ती दर तासाला फोनपाशी जाऊन येते आहे. कपाट मात्र लावून झालं. सात कप्पे, सात कुल्फ्या.